खिडकीवरचं प्लास्टर सुटतंय, फुगतंय, लोंबतंय: पाडायच्या आधी काय तपासायचं

दिवाळीच्या रंगाचं काम निघालं की ही तक्रार हमखास येते. पेंटर खिडकीच्या वरची भिंत घासायला घेतो आणि ताटाएवढा पोपडा त्याच्या पायाशी येऊन पडतो. घरचे म्हणतात, "अहो, हे तर दोन वर्षांपूर्वीच करून घेतलं होतं." बरोबरच असतं त्यांचं. काम करून घेतलेलं असतं, माल चांगला वापरलेला असतो, पैसेही मोजलेले असतात. फक्त दुखणं दुसरीकडे असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी दुरुस्तीचीच कामं घेतो. जास्त करून अलिबागपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनारपट्टीला, अधूनमधून ठाण्या-पुण्याकडच्या सोसायट्यांमध्ये. खिडकीवरच्या प्लास्टरचा विषय इतका वारंवार येतो की फोनवर दोन-चार गोष्टी कळल्या तरी अंदाज बांधता येतो, आणि तो बहुतेकदा एकच असतो: छज्ज्याच्या वर काहीतरी बिघडलंय. आतलं प्लास्टर पाडायच्या आधी छज्ज्याची वरची बाजू बघा, हे माझं म्हणणं. याला अपवाद आहेत आणि त्यातले काही जिवावर बेतणारे आहेत, म्हणून क्रमाने जाऊ. आधी फुकटच्या तपासण्या, मग हातोडी.

खिडकीच्याच वर का?

बाकीच्या भिंतीत एकच वस्तू असते: वीट, नाहीतर चिरा, नाहीतर ब्लॉक. खिडकीच्या वर मात्र वीट संपून काँक्रीटचं लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, सुरू होतं, त्यातूनच बाहेर छज्जा निघतो आणि खाली लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट येते. उन्हात काँक्रीट विटेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पावसात वीट काँक्रीटपेक्षा जास्त पाणी पिते. प्लास्टर या सगळ्यांवरून सलग ओढलेलं असतं. खालच्या वस्तू आपापल्या परीने हलल्या की ते सांध्यावर फाटतं. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, दुपारचं ऊनही तिकडचंच. त्यामुळे एकाच घरात पूर्वेची खिडकी ठणठणीत आणि पश्चिमेची दरवर्षी आजारी, असं सर्रास दिसतं.

आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. लिंटल ओतताना फळी जरा आत सरकली की काँक्रीट भिंतीच्या ओळंब्यात राहत नाही. मग गवंडी तो फरक प्लास्टरने भरून काढतो. बाकी भिंतीवर अर्धा-पाऊण इंच आणि लिंटलवर दीड-दोन इंच, तेही एका दमात. एवढा जाड ओला माल स्वतःच्या वजनानेच खाली ओढला जातो आणि पाठीमागची पकड तिथेच सुटते. वाळल्यावर वरून गुळगुळीत दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लोंबणारी बरीच प्लास्टरं अशी पहिल्या दिवसापासूनच लोंबलेली असतात. पावसाचं निमित्त होतं, इतकंच.

लक्षणं

एकाच खिडकीला यातली दोन-तीन एकत्र दिसू शकतात.

- खिडकीच्या माथ्यापासून साधारण सहा इंच वर, पट्टीने आखल्यासारखी सरळ आडवी भेग. बहुतेक वेळा ती लिंटलची वरची कड असते.
- खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी भेग.
- प्लास्टरला पोट आलंय. बाजूने बघितलं तर भिंत फुगलेली दिसते.
- बोटाच्या पेरांनी टकटक केलं की बद्द, पोकळ आवाज.
- रंगाला फोड, फोडाखाली पांढरी पूड. हा खार आहे. पाणी विटेतले आणि सिमेंटमधले क्षार बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. खार दिसला म्हणजे पाण्याची ये-जा आहे हे नक्की.
- तांबूस ओघळ किंवा डाग.
- खिडकीचं दार वर घासतंय, स्लायडिंग मधोमध अडकतंय.
- बाहेरून छज्ज्याच्या खालच्या बाजूचे पापुद्रे पडतायत.

पहिली पाच लक्षणं बहुधा प्लास्टर आणि पाणी यांच्यापुरती असतात. तिरप्या भेगेचं मात्र नीट बघायला लागतं, तिची गोष्ट पुढे येईल. शेवटची तीन दिसली तर वेगळी पावलं टाकायची.

सगळ्यात आधी खालची जागा मोकळी करा

खिडकीखाली पलंग असतो, नाहीतर मुलांचं अभ्यासाचं टेबल. ते आजच हलवा. २० मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट प्लास्टरचा तुकडा साडेतीन-चार किलो भरतो. वर सांगितलेला दोन इंची भराव असेल तर नऊ किलोच्या पुढे. बाहेरच्या बाजूला पोट आलं असेल तर खालून जाण्यायेण्याची वाट दोरी बांधून बंद करा. तळमजल्यावरच्यांना सांगा, गाडी, तुळशीची कुंडी, जे काही खाली असेल ते हलवायला लावा. पोट आलेल्या भागाला दाबून बघायचा मोह सगळ्यांना होतो. दाबू नका.

१. नुसतं बघा, पण आडव्या उजेडात

संध्याकाळी दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा मारा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे सावल्यांमुळे उठून दिसतात. दिसलेल्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारून तारीख लिहा आणि फोटो काढा. याला काही खर्च नाही, पण पुढे इंजिनिअर आला तर त्याला सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच पुरावा. भेग आहे याने त्याचं काम होत नाही, ती वाढतेय का हे त्याला हवं असतं.

शेजारच्या, वरच्या, खालच्या खिडक्याही बघून घ्या. एकाच खिडकीला त्रास असेल तर कारण बहुधा तिथलंच. एका रांगेतल्या सगळ्या मजल्यांवर त्याच जागी भेग असेल तर ती बांधकामाची किंवा पायाची भानगड असू शकते. मग तुमच्या एकट्याच्या दुरुस्तीने काही होणार नाही.

२. ठोका आणि खडूने नकाशा काढा

लाटण्याचं टोक किंवा स्क्रू-ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या. हातोडी नको. स्टुलावर खिडकीच्या बाजूला उभे राहा, बरोबर खाली नाही. कडेच्या घट्ट भागापासून सुरुवात करून हळूहळू आत या. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द. आवाज बदलतो तिथे खडूची खूण करत चला. शेवटी सगळ्या खुणा जोडल्या की पोकळीचा आकार समोर येतो, आणि हा आकार बरंच काही सांगतो.

लांबट आडवा पट्टा निघाला तर वीट आणि लिंटलच्या सांध्यावर पकड सुटली आहे. प्लास्टर करताना जाळी मारलेली नसणार. पोकळी छज्ज्याच्या पातळीला रुंद आणि खाली येताना निमुळती झाली असेल तर पाणी वरून उतरतंय. एका कोपऱ्यात गोळा झाली असेल तर तिथे कुणीतरी ड्रिल मारलंय का बघा: पडद्याची दांडी, एसीचा ब्रॅकेट, ग्रिलचे बोल्ट. लाकडी चौकट काढून ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवलेल्या घरांत खिडकीच्या चारी बाजूंनी प्लास्टर वाजतं. जुनी चौकट उपटताना बसलेल्या हादऱ्याने ते सुटलेलं असतं आणि नव्या चौकटीभोवती फक्त सिलिकॉन भरून लोक मोकळे होतात.

तळहाताएवढी पोकळी असेल, भेग नसेल, ओल नसेल, तर घाई नाही. खडूची खूण फोटोत ठेवा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा ठोकून बघा.

३. टेप आणि दोरी: प्लास्टर लोंबतंय की लिंटल?

पुढचा सगळा निर्णय या एका उत्तरावर ठरतो, आणि ही तपासणी टाळूनच लोक पैसे वाया घालवतात.

खिडकीच्या माथ्याखाली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गवंड्याची लाइनदोरी ताणून धरा. सुतळी चालणार नाही, तिलाच झोळ येतो. दोन्ही टोकांना दोरी माथ्यापासून सारख्या अंतरावर, समजा एक सेंटिमीटर खाली ठेवायची आणि मधोमध हे अंतर किती उरतं ते मोजायचं. मध्ये कमी भरलं तर माथा खाली आलेला आहे.

आता चौकटीच्या वरच्या पट्टीला, म्हणजे स्लायडिंगच्या वरच्या ट्रॅकलाही तसंच मोजा. ट्रॅक सरळ आणि वरचं प्लास्टर तेवढं वाकलेलं, तर दोष प्लास्टरचा. ट्रॅकही मध्ये दबलाय, दार घासतंय, तर लिंटल वाकतंय आणि त्याचा भार चौकटीवर येतोय. चौकट भार घेण्यासाठी नसते.

काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, वाकण्याची एकूण मर्यादा लांबीच्या २५० व्या भागाएवढी धरली आहे. चार फुटी म्हणजे १२०० मिलिमीटरच्या खिडकीला ती पाच मिलिमीटरच्या आसपास येते. गवंड्याच्या हाताने दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच, त्याचा बाऊ करू नका. पाचच्या पुढे गेलं आणि ट्रॅकही तसाच वाकलेला असेल तर इथेच थांबा आणि पुढचं 'कुठे थांबायचं' वाचा. उपाय समजून ट्रॅकच्या वरची बाजू घासून दार मोकळं करून देणारे असतात. त्यांना घरात घेऊ नका.

४. छज्ज्याच्या वर काय चाललंय

पहिली सूचना: छज्ज्यावर पाय ठेवायचा नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून बघा, किंवा सेल्फी स्टिकला मोबाइल लावून व्हिडिओ काढा. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बघायची गरज नाही.

काय बघायचं? पहिला म्हणजे उतार. छज्जा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. सपाट असेल किंवा उलटा भिंतीकडे उतार असेल तर पाणी सांध्यात साचणार. कचरा, कबुतरांची घाण, वरच्या कुंडीतली माती यांचा थर कडेला अडकला की चांगल्या उताराचाही उपयोग राहत नाही, तो थर आठवडाभर ओला राहतो. मग सांधा. छज्जा आणि भिंत मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा असायला हवा. तो नसेल किंवा भिंतीपासून सुटून केसाएवढी फट पडली असेल तर आतल्या ओलीचं कारण बहुधा तुम्हाला सापडलं. या फटीतच पिंपळाचं रोप येतं. नुसतं उपटलं तर मूळ आत राहून पुन्हा फुटतं. फट उघडून मूळ काढायला लागतं.

एसीही बघा. बाहेरचं युनिट छज्ज्यावर ठेवलेलं आणि पाण्याची नळी तिथेच सोडलेली, हे दृश्य शहरात कुठेही दिसेल. पावसाळ्यात पावसाचं पाणी आणि उन्हाळ्यात एसीचं, म्हणजे सांधा बारा महिने ओला. शिवाय युनिटची थरथर.

आणि एक गोष्ट खालून बघायची. छज्ज्याच्या पोटाला, बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंच आत एक खाच किंवा उतरती पट्टी असायला हवी. साइटवर तिला ड्रिप मोल्ड म्हणतात. कडेवरून ओघळणारं पाणी या खाचेपाशी तुटून खाली पडतं. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे येतं आणि चौकटीच्या वर मुरतं. किती साधी गोष्ट, पण निम्म्या घरांना नसते. असली तरी रंगकाम करणाऱ्यांनी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून टाकलेली असते.

खात्री करायची असेल तर कोरड्या दिवसांत, दिवाळीनंतर कधीही, वरून मगाने थोडं थोडं पाणी सांध्याच्या बाजूला सोडा. एकाने वर, एकाने आत. पाणी साचतं की निघून जातं ते बघा आणि तासा-दोन तासांनी आतल्या भिंतीला हात लावा. लगेच काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशीही बघा, जाड भिंतीतून उतरायला वेळ लागतो. छज्ज्याला वरून भेग दिसत असेल तर ही चाचणी करायचीच नाही.

ती भेग म्हणजे या सगळ्या प्रकारातली खरी घातक गोष्ट. छज्जा भिंतीतून नुसता बाहेर आलेला असतो, पुढे त्याला आधार नाही. त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळया वरच असाव्या लागतात. काँक्रीट ओतताना माणसं सळयांवरून चालतात, त्या दबून खाली जातात, आणि छज्जा बाहेरून छान दिसला तरी त्याची ताकद गेलेली असते. अशा छज्ज्याला भिंतीलगत, भिंतीला समांतर भेग पडते. दीड मीटर लांब, दोन फूट बाहेर आलेला तीन इंची छज्जा १७० किलोच्या घरात जातो. शेजारच्या खिडकीच्या छज्ज्याशी तुलना करा: याचं टोक जास्त खाली झुकलंय का? झुकलं असेल किंवा भेग असेल तर ती सिमेंटने बुजवू नका. खालचा भाग बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा.

५. ओल कधी येते?

फक्त जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर पाऊस. एप्रिलमध्येही भिंत गार लागत असेल तर वरच्या मजल्याचं न्हाणीघर, भिंतीतला पाइप किंवा एसी. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी ओल दिसत असेल तर पाणी लांबून येतंय, कदाचित गच्चीच्या कठड्यापासून.

सकाळी थंडीत किंवा स्वयंपाकघरात खिडकीच्या वर काळे ठिपके येतात, ते झिरपलेलं पाणीच असेल असं नाही. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती घरातली वाफ आहे. तिला वारा खेळता ठेवणं हेच औषध.

६. एक तुकडा काढा आणि त्याची पाठ वाचा

इथून पुढे धूळ उडणार. चष्मा आणि हेल्मेट घाला. त्या भिंतीत वायर किंवा एसीचा पॉइंट असेल तर एमसीबी खाली करा. हे फक्त घराच्या आतल्या बाजूचं काम आहे. बाहेरून, तळमजल्याच्या वर, परांचीशिवाय कुणी काही करायचं नाही.

पोकळीच्या खालच्या कडेला छिन्नी लावून तळहाताएवढा तुकडा काढा. लोक मग भिंतीकडे बघत बसतात. मी आधी पडलेल्या तुकड्याची पाठ बघतो.

पाठ आरशासारखी गुळगुळीत आणि राखाडी, तर ते काँक्रीटला कधी चिकटलंच नव्हतं. काँक्रीटवर हॅकिंग, म्हणजे टोचे मारणं, झालेलं नाही किंवा शटरिंगचं, म्हणजे साच्याच्या फळ्यांना लावलेलं, तेल तसंच राहिलं. पाठीला विटेची लाल साल आली असेल तर प्लास्टर मजबूत होतं आणि वीटच ओलीने पोचट झाली. इथे नुसतं प्लास्टर करून भागणार नाही, आधी पाणी बंद. पाठीवर पांढरा कापसासारखा खार असेल तरी तेच. तुकडा बोटांनी चुरून वाळू हातात येत असेल तर सिमेंट कमी पडलं, किंवा पाणी मारलं गेलं नाही, किंवा वाळूत माती होती. पाठीला माती-धूळ चिकटलेली दिसते ती न धुतलेल्या भिंतीची खूण. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ब्लॉकची इमारत असेल तर ब्लॉकने ओल्या मालातलं पाणी शोषून घेतलेलं असतं आणि पाठ भुसभुशीत निघते.

जाडी मोजा. बाहेरचं प्लास्टर दोन थरांत मिळून २० मिलिमीटरच्या आसपास असतं, आतलं १२ ते १५. तुमच्या हातातला तुकडा ४०-५० चा निघाला तर पोट का आलं ते वेगळं सांगायला नको.

नव्या फ्लॅटमध्ये आतलं प्लास्टर बऱ्याचदा जिप्समचं असतं: पांढरं, हलकं, नखाने ओरखडणारं. ओल लागली की ते मऊ पडतं आणि थेट सिमेंटचा माल त्याच्यावर लावला तर टिकत नाही. तेवढा भाग पूर्ण खरवडून काढायला लागतो.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत चुन्याचा गिलावा निघेल आणि लिंटलच्या जागी सागवानी पाट. पाटात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवीने किंवा ओलीने काम केलंय. अशा भिंतीवर कडक सिमेंटचं ठिगळ लावू नका, चुन्याला जमणारा माल हवा. आणि पाट गेला असेल तर ते प्लास्टरचं काम राहत नाही.

७. तिरपी भेग आणि सळई

कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी तिरपी भेग खूप घरांत असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. ती हलतेय का, एवढंच शोधायचं. प्लास्टर खरवडून खालच्या विटेवर, भेगेच्या आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना एपॉक्सीने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलतेय. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या काळ्या मातीच्या भागांत भेग मे महिन्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, कारण माती सुकून आकसते आणि भिजून फुगते. तिथे एक महिना बघून काही कळत नाही, सगळे ऋतू जाऊ द्यावे लागतात. लिंटल दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान सहा इंच टेकलेलं हवं. ते कमी असेल तर कोपऱ्यातली वीट चिरडते आणि तशीच भेग दिसते.

आता सळई. तांबूस डागाखालचं प्लास्टर काढल्यावर गंजलेली सळई दिसली तर समजा की प्लास्टर खालून ढकललं गेलंय. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, ती तो काँक्रीट फोडून घेतो. वरून कितीही भारी प्लास्टर लावा, ते पुन्हा फुटणार. किनाऱ्यालगत समुद्राची खारी हवा हे करते, आणि जुन्या बांधकामांत खाडीची रेती वापरली असेल तर मीठ आधीपासून आतच असतं.

फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर टाकलं तर शाबूत भाग गडद गुलाबी होतो. रंग आला नाही तर काँक्रीटचा अल्कली गुण गेलाय आणि सळईचं संरक्षणही गेलंय. मात्र समुद्राजवळ गुलाबी रंग आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मिठामुळे होणारा गंज गुलाबी काँक्रीटमध्येही चालू असतो.

कुठे थांबायचं

लिंटल किंवा ट्रॅक वाकलेला, छज्ज्याला वरून भेग किंवा झुकलेलं टोक, सळईचे पापुद्रे निघतायत, तिरपी भेग तीन मिलिमीटरहून रुंद किंवा काच तडकलेली, सागवानी पाट कुजलेला. यातलं एकही असेल तर हातोडी खाली ठेवा. खिडकीच्या वर लिंटल नसून थेट बीम असेल आणि भेग बीमच्या काँक्रीटमध्ये असेल तरीही. वाकलेल्या लिंटलखाली टेकू लावायचा असला तरी तो कुठे आणि कसा, हे जाणकाराने सांगायचं.

बोलवायचं स्ट्रक्चरल इंजिनिअरला. जो काम करणार आहे त्यानेच निदान करायचं, हे मला पटत नाही, आणि मी स्वतः काम करणारा आहे. चौरस फुटावर पैसे घेणाऱ्याला सगळीच भिंत पोकळ ऐकू येते.

सोसायटीत राहत असाल तर बाहेरची भिंत आणि तिच्यातून येणारं पावसाचं पाणी ही गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे. फोटो आणि तारखा जोडून लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही हलत नाही. त्याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायला सांगितलंय. शेवटचं कधी झालं, तेही त्याच अर्जात विचारून टाका.

फक्त प्लास्टरच असेल तर

आधी पाणी बंद: सांधा उघडून वाटा नव्याने भरणे, छज्ज्याचा उतार, ड्रिप मोल्ड, एसीची नळी. हे होऊन एका पावसात भिंत कोरडी राहिली तर उत्तम, पण पोट आलेलं असेल तर तेवढं थांबू नका, सुटा भाग आधी उतरवून घ्या.

घट्ट आवाज येईपर्यंत पोकळ भाग काढायचा आणि कडा सरळ चौकोनी कापायच्या. काँक्रीटला दाट टोचे, तारेच्या ब्रशने घासून धुणे. वीट आणि लिंटलच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच येईल अशी जाळी. कोंबडीजाळी चालते, पण समुद्राजवळ ती गंजते. तिथे मी फायबरची, सिमेंटमध्ये टिकणारी जाळी घेतो. त्यावर पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा हात, आणि तो ओलसर असतानाच पहिला थर. एका थराला १२ ते १५ मिलिमीटरच्या वर जायचं नाही. खड्डा खोल असेल तर दिवसाआड थर चढवा आणि प्रत्येक थर खरबडीत ठेवा. सात दिवस पाणी मारायचं, खिडकीवर उन्हाचा मारा असेल तर ओलं गोणपाट बांधून.

लांबी किंवा वॉल पुट्टीने पोकळी भरायची नाही. ती एक-दोन मिलिमीटरचा हात द्यायला असते, सुटलेलं प्लास्टर धरून ठेवायला नाही. रंग लगेच नको. चार आठवडे थांबा, प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवून बघा, आणि भिंतीकडची बाजू कोरडी निघाली की मगच पेंटरला बोलवा.